झाकणाला वास होता

इमारतीत तिला सगळे जॅमवाली म्हणायचे. नाव पडलं होतं ते कौतुकानंच. संत्री स्वस्त झाली की तिच्या स्वयंपाकघरातला वास जिन्यावरून थेट खालपर्यंत उतरायचा, आणि मग कोणी ना कोणी निमित्त काढून दार वाजवायचं. येताना मात्र हातात कॉफीची, मधाची नाहीतर सॉसची रिकामी काचेची बरणी असायची. बरणी आणायची आणि भरून न्यायची, असा तिचा नियम होता.

बरण्यांवर तिचा भारी जीव. आलेली बरणी ती आधी गरम पाण्यात बुडवून ठेवायची, लेबल सोलायची, मागे राहिलेला चिकटा तेल आणि सोडा लावून घासून काढायची. मग मोठ्या पातेल्यात तळाला फडकं घालून सगळ्या उकळायच्या आणि स्वच्छ चादरीवर पालथ्या घालायच्या. झाकणं वेगळी. "काच काही धरून ठेवत नाही, झाकणाचं रबर मात्र सगळं लक्षात ठेवतं," असं ती म्हणायची, आणि ज्या झाकणाला जुना वास असेल ते सरळ टाकून द्यायची.

तिचा नवरा लाकडी सामानाला पॉलिश करायचा. माणूस गोडबोल्या. गिऱ्हाइकाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, कुणाशी वाकडं घ्यायचा नाही. मागच्या गॅलरीत त्याचे ब्रश, चिंध्या आणि पॉलिश-थिनरचे डबे असायचे. अधूनमधून एखादी बरणी तो न विचारता उचलायचा.

"तुम्हाला पत्र्याचे डबे कमी पडतात का हो?" ती करवादायची.

"अगं, काचेतून रंग कळतो," तो म्हणायचा. "लगेच ठेवतो जागेवर."

त्या वर्षी संत्र्यांच्या दिवसांत तिला सर्दीनं गाठलं. नाक चोंदलेलं, डोकं जड. तरी तिनं बरण्या उकळल्या, पालथ्या घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गरम जॅम भरला. पहिली बरणी नेहमीप्रमाणे तळमजल्यावरच्या शिवणवालीकडे गेली. दोघी एकाच सुमारास लग्न होऊन या इमारतीत आल्या होत्या. एकीच्या बाळंतपणात दुसरीनं रांधलं होतं. शिवणवालीच्या सासऱ्यांना दात नव्हते, वास-चव फारशी कळत नव्हती, पण बरणी जवळ ठेवून स्वतःच्या हातानं पावाला जॅम लावून खाण्यात म्हातारा खूश असायचा.

दोन-तीन दिवसांत म्हाताऱ्याला उलट्या सुरू झाल्या. घशात आग, पोटात आग. दवाखान्यात नेलं. काय खाल्लं म्हणून विचारणा झाली तेव्हा शिवणवालीनं घरून बरणी मागवली. डॉक्टरांनी झाकण उघडून नाकाशी धरलं आणि बरणी तिच्याकडे परत दिली. "यात थिनर आहे," ते म्हणाले.

म्हातारा वाचला. पण घसा सोलवटून निघाला होता आणि आवाज पार बसला होता.

शिवणवाली वर आली ती ती बरणी घेऊनच. मागे शेजारच्या दोघीतिघी होत्या.

"काय घातलंस गं यात?" तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला.

"अगं, मी बरण्या उकळते. तुला माहीत नाही का? तू कितीदा माझ्यासोबत बसून..."

"कुणाकुणाच्या घरातल्या बरण्या त्या. आधी काय होतं त्यात, तुला तरी ठाऊक असतं का?"

नवरा गॅलरीतून हात पुसत आला. तिला हायसं वाटलं. आता हा काहीतरी बोलेल, असं तिला वाटलं, आणि तो बोललाच.

"मी हिला किती वेळा सांगितलं, जुन्या बाटल्या वापरत जाऊ नकोस. ऐकत नाही." तो शिवणवालीकडे वळला. "वहिनी, चुकलं आमचं. म्हाताऱ्यांना काय लागेल ते सांगा, मी आणून देतो."

बायका त्याच्याकडे सहानुभूतीनं बघत निघून गेल्या. बरणी ओट्यावर राहिली.

सर्दी उतरायला लागली होती. तिनं झाकण फिरवलं आणि उलटं करून हुंगलं. वास ओळखीचा होता. गेली कित्येक वर्षं तो तिच्या उशीला, टॉवेलला, नवऱ्याच्या शर्टांना होता. ती गॅलरीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"उकळून ठेवलेल्या बरण्यांतली एक तुम्ही उचलली होती."

तो ब्रश पुसत राहिला. "पाण्यानं विसळून ठेवली होती परत."

"थिनर पाण्यानं जातं?"

"तू बोंबलशील म्हणून घाईत ठेवली. मला काय माहीत तू सकाळीच भरशील."

"मघाशी सगळ्यांसमोर का नाही सांगितलंत?"

"सांगून काय झालं असतं? म्हातारा बरा आहे ना आता." त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "हे बघ, मला लोकांच्या घरात जाऊन काम करायचं असतं. माझं नाव खराब झालं तर कोण दार उघडेल? तुझं काय, घरबसल्याचा छंद आहे."

दोन दिवस गेले. मग तिनं पायांत चपला सरकवल्या आणि ती खाली गेली. शिवणवाली मशीनवर बसली होती. पाय चालू ठेवूनच तिनं सगळं ऐकून घेतलं.

"झालं तुझं?" मग ती म्हणाली. "अगं, चूक झाली तर कबूल कर. तो बिचारा माझ्या सासऱ्यांसाठी औषधं आणतोय, रात्री त्यांच्या उशाशी बसतोय, आणि तू सगळं त्याच्यावर ढकलतेस?"

"झाकण हुंगून बघ. त्याच्या कामाचा वास आहे तो."

"तुझ्या अख्ख्या घराला तोच वास येतो," शिवणवाली म्हणाली आणि तिनं कापड पुढे सरकवलं.

त्या आठवड्यात दाराबाहेर बरण्या जमत गेल्या. कुणी दार वाजवलं नाही. काही अर्ध्या होत्या, काहींचं झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. तिनं सगळा जॅम कचऱ्यात ओतला, बरण्या पोत्यात भरल्या आणि भंगारवाल्याला देऊन टाकल्या. डाळ, साखर, मीठही बरण्यांतून निघून पुन्हा प्लॅस्टिकच्या डब्यांत गेलं. नवऱ्यानं ते पाहिलं आणि "बरं केलंस, जागा मोकळी झाली," एवढंच म्हणाला.

पुढे तिनं एका हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात काम धरलं. तिथं कुणी तिला जॅमवाली म्हणत नाही. नवऱ्याशी ती कामापुरतं बोलते: गॅस संपलाय, पाणी आलंय. त्याला त्यात काही वेगळं झाल्यासारखं वाटत नाही.

परवा शिवणवालीनं सासऱ्यांच्या पलंगाला पॉलिश करून घेतलं. काम त्यालाच दिलं. तो वर आला तेव्हा खुशीत होता.

"वहिनी म्हणाल्या, तुमच्यासारखा माणूस मिळायला नशीब लागतं."

तिनं त्याचं ताट वाढलं आणि हात धुवायला गेली.