अकरावर अर्धा

गुडघ्यांचं रडगाणं गात कासीम चावीवाल्यानं तीन वर्षं अर्ज केले, तेव्हा कुठं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्याला खुर्ची मिळाली. बावीस वर्षं लोखंडी चावी खांद्यावर टाकून भवानी पेठेचे व्हॉल्व्ह सोडणारा माणूस पंख्याखाली बसला. आठवडाभर बसून बघा, शनिवारी सही करा, मग खुर्ची कायमची तुमची, असं साहेब म्हणाले. सही न करायला कासीम काय खुळा होता?

पहिलंच काम आलं तेही बसून करायचं. वरून छापील फॉर्म आले होते. कर्मचाऱ्याची कामावरची निष्ठा कशामुळे टिकते? पगार, बढती, वरिष्ठ, पेन्शन, खूण करा. कासीमनं सगळ्यांचे फॉर्म गोळा केले, आपला मात्र कोराच ठेवला. त्यात सावित्रम्मांचा रकाना कुठं होता!

सावित्रम्मांचं घर चढावरचं शेवटचं. तिथं पोचेपर्यंत पाणीसुद्धा दमायचं. पाण्याच्या दर पाळीला त्या कासीमला झाडायच्या, "नळातून पाणी सोडतोस का सुतळी?" ही बाई माझ्या जिवावर उठलीय, असं तो घरी बायकोला, रुक्सानाला सांगायचा, आणि व्हॉल्व्हचे अकरा आटे झाले की इकडंतिकडं बघून गुपचूप अर्धा आटा जास्त फिरवायचा. हा अर्धा आटा कुठल्याच कागदावर नव्हता. नव्या गुरुशांतच्या हाती चावी देताना त्यानं तो सांगितलाही नाही. अहो, माणूसच तो! आपल्यावाचून थोडं अडावं, असं कुणाला वाटत नाही?

शुक्रवारी पेठेची पाळी. सकाळपासून कासीमचं बूड खुर्चीवर ठरेना. "जरा चहा पिऊन येतो," म्हणून निघाला तो थेट चढावर. अम्मा रिकाम्या घागरी आपटत असतील, आपली आठवण काढत असतील, अशी त्याची खात्री.

बघतो तर बॅरल काठोकाठ. अम्मा निवांत सुपारी कातरत बसलेल्या. कासीमचं तोंड एवढंसं झालं. पाणी आलं म्हणून वाईट वाटलेला पाणीपुरवठ्यातला तो पहिलाच माणूस असावा.

"आलं की पाणी," तो म्हणाला.

"न यायला काय झालं? त्या पोराला मीच सांगितलं, अकरावर अर्धा फिरव म्हणून."

"तुमाला कसं ठाऊक?"

"माझ्या खिडकीतून तो व्हॉल्व्हचा खड्डा सरळ दिसतोय. बावीस वर्षं मोजतेय मी."

"मग शिव्या कशाला देत होता, अम्मा?"

"न्हाय दिल्या असत्या तर तू अर्धा फिरवला असतास व्हय?"

कासीमला हसू आलं आणि डोळेही भरले. त्यानं सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि बराच वेळ तेच चघळत उभा राहिला.

शनिवारी साहेबांनी पेन पुढं केलं. "गुरुशांत शिकलेला हाय, त्याला बसवा," म्हणत कासीमनं खुर्चीचा कागद परत सरकवला. मग आपला कोरा फॉर्म काढला, पेन्शनच्या खाली वाकडातिकडा नवा रकाना आखला, त्यात 'शिव्या' असं लिहिलं आणि ठसठशीत खूण केली.

घरी रुक्सानानं गुडघे शेकता शेकता तो शिव्यांचा रकाना पुन्हा काठोकाठ भरला.