ऐकू आलेला खो

आमच्या जान्हवीताईला त्या एप्रिलमध्ये दोनच गोष्टी हव्या होत्या. रविवारची फायनल खेळायची होती आणि सोमवारचा कॉस्टिंगचा पेपर सोडवायचा होता. कॉलेजचं शेवटचं सेमिस्टर. मालाडच्या एका फायनान्स कंपनीचं ऑफर लेटर जानेवारीतच आलेलं, पण त्यात लिहिलं होतं की एकही विषय राहिलेला चालणार नाही. आणि नोकरी लागली की खो-खो संपला. ऑफिस सकाळी साडेनऊचं, सुटायची वेळ त्या लेटरमध्ये कुठेच नव्हती. मी दोनदा वाचलं.

म्हणजे रविवारची मॅच शेवटची. मुलुंडच्या आमच्या मंडळाकडून ती नऊ वर्षं खेळत होती.

जानेवारीपासून ती साडेपाचला मैदानावर, सव्वासातला कॉलेजात आणि दुपारी त्याच मालाडच्या ऑफिसात इंटर्नशिपला असायची. घरी यायला आठ वाजायचे. मग उभ्यानेच जेवण, एका हातात पोळीची गुंडाळी, दुसऱ्या हातात पुस्तक. बाबा म्हणायचे, "आधी बसान जेव गो चेडवा." ती हो म्हणायची आणि उभीच राहायची. बसले तर उठणार नाही, असं म्हणायची. परीक्षेसाठी ऑफिसने सुट्टी दिली, तर तेवढे तास तिने अभ्यासाला जोडले. झोपेच्या वाट्याला काही आलं नाही.

माझी नववीची परीक्षा संपली होती, त्यामुळे मी तिची प्रश्न विचारणारी झाले. ती पाय ताणत बसायची, मी वहीतून विचारायचे. पंधराव्या वर्षी मला ब्रेक-इव्हन पॉइंट म्हणजे काय ते येतं, विचारा कधीही. खरं तर गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हातसुद्धा वर करत नव्हते. मग मंडळाच्या ज्युनियर टीममध्ये निवड झाली, आणि तेव्हापासून मला गप्प बसवावं लागतं. हे आई म्हणते. मला ते कौतुक वाटायचं.

शनिवारी संध्याकाळी घाटकोपरला सेमीफायनल होती. ज्यांनी खो-खो पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. आठ जणी एका ओळीत, एक इकडे तोंड करून, एक तिकडे, अशा चौकोनात बसतात. नववी पाठलाग करते. ती बसलेल्या एखादीच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणते, की ही तिच्या जागी बसते आणि बसलेली उठून पळते. हात लागायला हवा आणि 'खो' ऐकूही जायला हवा. पाठीला हात लागला पण आवाज फुटला नाही, तर पंच शिट्टी मारतात.

आमच्या श्वेताची हीच गोची. पाय विजेसारखे, आवाज मांजराच्या पिल्लासारखा. त्या सीझनमध्ये दोनदा तिचा खो पंचांनी नाकारला होता. आमचे कोच अण्णा तिला रोज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभं करून खो ओरडायला लावायचे. बाजूच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी तर तक्रारही केली होती.

शेवटची दोन मिनिटं राहिली होती. श्वेता समोरच्या मुलीला अगदी कोपऱ्यात घेऊन आली आणि तिने ताईच्या पाठीला हात लावून खो दिला. ती मुलगी ताईपासून दोन हातांवर होती. ताईने नुसतं उभं राहून हात पुढे केला असता तरी गडी बाद होता.

ताई उठली नाही.

एक, दोन, तीन सेकंद गेले असतील. श्वेता तिच्या मागे तशीच उभी. मग ताई उठली, पण तोवर ती मुलगी दुसऱ्या टोकाला पोचली होती. आम्ही जिंकलो, कसेबसे, एका गुणाने.

मॅच संपल्यावर अण्णांनी सगळ्यांना गोल बसवलं. ते ओरडत नाहीत, हळू बोलतात, ते जास्त वाईट. काय झालं, त्यांनी विचारलं. ताई बुटाकडे बघत होती. तिला काढणार, उद्याची फायनल गेली, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि मी बोलले. मला कोणी विचारलंही नव्हतं.

"अण्णा, श्वेताताईचा आवाजच आला नाही. मी कडेलाच बसले होते, मलापण नाही आला."

मला आला होता. स्वच्छ आला होता. त्या दिवशी श्वेताने आयुष्यातला सगळ्यात मोठा खो दिला होता.

अण्णांनी लगेच विश्वास ठेवला, कारण चूक श्वेताच्या नेहमीच्या जागेवर येऊन पडली होती. एवढे दिवस घसा फोडून घेतला तो कशासाठी, असं त्यांनी तिला विचारलं. मग म्हणाले की उद्या तिच्या जागी राखीव सपना खेळेल. फायनलला जिल्हा टीम निवडणारे येणार होते, हे सगळ्यांना माहीत होतं. श्वेताने टॉवेलने तोंड पुसलं आणि टॉवेल तोंडावरच राहू दिला.

ताईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादी जड पिशवी अजून दोन मजले न्यायची आहे हे कळल्यावर माणूस जिन्याकडे बघतं, तसं.

"अण्णा, खो बरोबर होता," ती म्हणाली. "मला डुलकी लागली."

कोणीतरी हसलं. अण्णा नाही हसले. त्यांनी तिचा चेहरा नीट पाहिला, बहुतेक त्या महिन्यात पहिल्यांदाच. म्हणाले, "श्वेता खेळेल. जान्हवी, तू उद्या येऊ नकोस. आलीस तरी बसवणार नाही." थोडं थांबून म्हणाले, "झोप काढ."

घरी जाताना बसमध्ये ताईला खिडकी मिळाली. मी भांडायच्या तयारीतच होते. नऊ वर्षं खेळून शेवटची मॅच अशी घालवायची? डुलकी लागली हे स्वतःहून कशाला सांगायचं? गरमीने चक्कर आली म्हणायचं, काहीही म्हणायचं.

"डुलकी नव्हती गं," ती म्हणाली.

"मग?"

"ऐकू आला मला खो. हातपण लागला. ती मुलगी समोर दिसत होती." तिने डोकं खिडकीच्या दांडीला टेकवलं. "उठावंसंच वाटलं नाही, चेतू. बसलेय तर बसूदे, असं वाटलं. इतकं बरं वाटलं ना बसून."

मला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. आजकाल मला सगळ्यावर बोलता येतं. पण भांडुप गेलं, नाहूर गेलं, मला एक वाक्य सुचलं नाही. मग म्हटलं, श्वेताला सॉरी म्हणू का? ती म्हणाली, म्हण, पण फोनवर नको, तोंडावर म्हण.

रविवारी सकाळी मी एकटी गेले. मॅचआधी श्वेताला बाजूला घेऊन सांगितलं. ती म्हणाली, "मला माहितीये. तू खोटं बोलताना फार जोरात बोलतेस." मग ती गुडघ्याला नी-कॅप बांधायला निघून गेली. आम्ही तीन गुणांनी हरलो. श्वेताने चार गडी मारले. शेवटच्या डावात ताईच्या चौकोनात सपना बसली होती, आणि ती प्रत्येक खोला वेळेवर उठली. मला ते बघवलं नाही.

घरी आले तर ताई नुकतीच उठली होती. दुपारचे दोन. आई सांगत होती की मधे दोनदा जवळ जाऊन बघितलं, श्वास चालू आहे ना. ताई जमिनीवर मांडी घालून जेवत होती. वरण-भात, तळलेले बोंबील, सगळं नीट वाढून घेतलेलं. मी हरल्याचं सांगितलं. कोणी किती मारले, कुठे चुकलं, सगळं सांगितलं. ती ऐकत होती की नाही कळेना. श्वेताचे चार म्हटल्यावर तिने मान हलवली आणि भाताचा पुढचा घास कालवला.

"वाईट वाटतंय का?" मी विचारलं.

"उद्या पेपर झाला की वाटेल," ती म्हणाली. "आत्ता बोंबील दे अजून एक."