दोघींची खोली

कंडक्टरबाईंचा मुलगा औषधाच्या दुकानात कामाला होता. एका संध्याकाळी दोन पोरं गल्ला लुटायला शिरली, झटापट झाली आणि तो जागीच गेला. चाकू ज्याच्या हातात होता तो बाईंच्याच गल्लीतल्या शिवणताईंचा मुलगा. त्याला जन्मठेप झाली.

खटला चालू होता तोवर दोघी एकमेकींना टाळत राहिल्या. निकालानंतर शिवणताई बाईंच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "शिव्या द्या, थोबाडीत मारा, काहीही करा. पण मला बघून तुम्ही रस्ता बदलता ना, ते सहन होत नाही. रस्ता मी बदलायचा."

बाईंनी दार सताड उघडलं. मग म्हणाल्या, "आत या. दारात उभं राहून काय बोलायचं?"

त्या बोलण्यातूनच पुढे खोली निघाली. बंद पडलेल्या लाँड्रीची जागा मालकाने फुकट वापरायला दिली. शाळा सुटल्यावर उनाडणारी, कुणाच्या तरी नादाला लागायच्या बेतात असलेली पोरंपोरी तिथे जमू लागली. बाई दारात बसून प्रत्येकाला दरडावायच्या, "तिकीट?" पोरं खिसे चाचपत म्हणायची, "पास आहे, पास!" आत शिवणताईंचं मशीन चालू असायचं. त्या फाटकी दप्तरं शिवून द्यायच्या आणि मान वर न करता ऐकायच्या. म्हणूनच की काय, पोरं सगळं त्यांनाच सांगायची. एकाने तर एकदा कागदात गुंडाळलेला सुरा मशीनच्या खणात ठेवला. "ताई, घरी नेला तर माझ्या हातून काहीतरी होईल." त्या रात्रभर झोपल्या नाहीत, पण पोरगं वाचलं.

मग मालक वारला आणि त्याच्या मुलाने भाडं मागितलं. वस्तीतले गुन्हे रोखण्यासाठी झटणाऱ्या मंडळांना सरकारी अनुदान मिळतं असं कळलं, म्हणून बाईंनी अर्ज केला. पाहणीला एक तरुण मॅडम आल्या. मनाने चांगल्या होत्या. पोरांसोबत फरशीवर मांडी घालून बसल्या. या दोघी कोण हे कळल्यावर त्यांचे डोळे भरून आले. "हे लोकांपर्यंत पोचलं पाहिजे," त्या म्हणाल्या.

अनुदान मिळालं. खोलीला रंग लागला, खुर्च्या आल्या. आणि दोघींचे कार्यक्रम सुरू झाले. पहिल्यांदा सभागृहात शिवणताई कशाबशा दोन वाक्यं बोलल्या. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. खाली उतरल्यावर त्यांनी बाईंना विचारलं, "टाळ्या कशाला वाजवल्या हो?"

पुढच्या वेळी फोटोवाला म्हणाला, "जरा हातात हात घ्या ना दोघी." त्याच्या पुढच्या वेळी श्रोत्यांतून कुणीतरी विचारलं, "आई म्हणून तुम्ही नेमक्या कुठे कमी पडलात?" शिवणताई माईककडे बघत राहिल्या.

तो फोटो पेपरात छापून आला आणि तुरुंगातही पोचला. पुढच्या भेटीला मुलगा बाहेर आलाच नाही. शिपायाकडून निरोप पाठवला : मी खुनी आहे हे गावभर सांगत फिरतेस, मग इथे कशाला येतेस?

बाई तडक मॅडमच्या ऑफिसात गेल्या. "यापुढे त्यांना स्टेजवर चढवू नका. मी एकटी बोलेन."

मॅडम ओशाळल्या. "बाई, समितीला तुमची दोघींची जोडीच भावली होती. नुसती खोली चालवणारे पुष्कळ अर्ज पडून आहेत. वार्षिक कार्यक्रमाला एकदाच आणा त्यांना. पुढच्या वर्षीचं काम होऊन जाईल."

बाईंनी शिवणताईंना गळ घातली. "शेवटचं. पोरांसाठी."

"पोरांसाठी," शिवणताई म्हणाल्या आणि आल्या. स्टेजवर उभं राहून त्यांनी सुरुवात केली, "माझा मुलगा लहान होता तेव्हा..." सभागृह श्वास रोखून बसलं होतं. त्यांनी माईक खाली ठेवला आणि मागच्या दाराने निघून गेल्या. त्या आठवड्यातच मशीन विकून त्या भावाकडे राहायला गेल्या.

बाई लांबचा प्रवास करून तिथे गेल्या. भावजयीने आधी त्या घरात नाहीत असंच सांगितलं. पण आवाज ऐकून शिवणताई स्वतःच बाहेर आल्या. त्या पार वाळल्या होत्या.

"परत चला," बाई म्हणाल्या. "कार्यक्रम नको, अनुदान नको. झाडाखाली बसू."

"तुमच्यावर राग नाही हो माझा." शिवणताई उंबऱ्यातच बसल्या. "पण तुम्हाला तुमचा मुलगा आठवता येतो. मी माझ्या मुलाला आठवायला गेले की तो कसा रांगायचा, कसा हसायचा, काही येत नाही. सगळं स्टेजवरचं बोलणंच येतं. तेवढंही माझं राहिलं नाही."

बाई त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर टेकल्या. मग भावजयीने आतून हाक मारली आणि शिवणताई उठल्या.

खोलीत आता पगारी ताई होती. ती समुपदेशन करायची, चांगलं करायची. पण पोरं तिच्याशी अभ्यासाबद्दलच बोलायची, आणि हळूहळू तेही बंद झालं. दोन पोरं मोटारसायकल चोरताना सापडली. एक मुलगी घर सोडून गेली, कुणाबरोबर ते कुणालाच माहीत नव्हतं. शिवणताई असत्या तर त्यांना माहीत असतं.

पुढच्या वर्षी अनुदान दुसऱ्या मंडळाला गेलं. मॅडमनी फोन करून स्वतः सांगितलं, आणि सांगताना रडल्या. बाईंनीच त्यांची समजूत काढली. अनुदानातल्या खुर्च्या परत न्यायला टेम्पो आला तेव्हा बाई आत केर काढत होत्या. हमालाने विचारलं, "इथं काय होतं हो, शाळा?"

"हो, तसंच काहीसं," बाई म्हणाल्या, आणि खुर्च्या पटकन उचलता याव्यात म्हणून भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.