आधी दुसरी वात

“फुंकू नका, भाऊ! दिवा असो का कॅसेट, तोंडानं फुंकत नसतात.”

मित्रांनो, अंजनाबाईंचं हे बोलणं मला अजून आठवतं. त्या दिवशी माझ्यात जीव नव्हता. बटणं दाबली तरी मी उघडत नव्हतो. माझे मालक शेषराव यांनी मला अंजनाबाईंच्या टेबलावर ठेवलं, माझ्या पाठीतली कॅसेट उपसली आणि वीस वर्षांच्या सवयीनं ती ओठांशी नेली. तेवढ्यात हा आवाज आला. आवाज मऊच होता, पण शेषरावांचा हात जागच्या जागी थांबला.

मी एक जुना व्हिडिओगेम आहे. टीव्हीला जोडतात तो नव्हे. दोन तळहातांत मावणारा, राखाडी रंगाचा, पोटात दोन पेन्सिल सेल घेऊन चालणारा. माझ्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. अंगणात ऊन असलं की मी छान दिसायचो, ऊन कललं की मीही अंधुक व्हायचो. माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते नागपूरच्या सीताबर्डीवरचं दुकान. तिथून शेषरावांनी मला भाच्याच्या वाढदिवसासाठी घेतलं. भाच्यानं, म्हणजे भूषणनं, मला उलटसुलट करून पाहिलं आणि तोंड पाडून म्हणाला, “मामा, मले तं सायकल पायजे होती.”

झालं. ज्या पिशवीतून गेलो त्याच पिशवीतून मी चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये परत आलो. मला फार वाईट वाटलं होतं. पण जे होतं ते बऱ्यासाठीच, असं शेषरावांच्या पत्नी वंदनाताई नेहमी म्हणायच्या. माझ्या बाबतीत ते खरं ठरलं.

माझ्यासोबत एकच कॅसेट होती. तिच्यात एक वाडी होती. एक घर, एक विहीर, रिकामं शेत आणि गोठा. बी पेरायचं, पाणी घालायचं, जनावरांना चारा द्यायचा आणि दिवस संपला की सगळं सेव्ह करून झोपायचं, एवढाच खेळ. जनावरांना नावं देता यायची, इंग्रजीत, पाच अक्षरांपर्यंत. वंदनाताईंनी एकेक अक्षर शोधत गाईचं नाव लिहिलं, गौरी. बरोबर पाचात बसलं. मग दोन कोंबड्या आल्या. त्यांची नावं वाचून शेषराव उडालेच.

“हे काय? शकू, कुसुम? माह्या बहिणींचे नाव कोंबड्यांले?”

“मंग? ह्या अंडे तरी देतात.”

शेषराव तेव्हा मालगाडीचे गार्ड होते. दल्ली-राजहऱ्याहून लोहखनिज घेऊन येणाऱ्या गाड्यांवर त्यांची ड्युटी असे. एका फेरीला मी त्यांच्या पेटीत जायचो, पुढच्या फेरीला घरी राहायचो. गाडी चालू असताना त्यांनी मला कधीही बाहेर काढलं नाही. राजहऱ्याच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गार्ड-ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, आंघोळ, मारुतीचं नाव, मग मी. तिथली लाल धूळ माझ्या फटींत बसली, ती अजून पूर्ण निघालेली नाही.

मित्रांनो, गार्डाच्या घरात नवराबायकोची भेट कमीच. ते परतायचे तेव्हा ताई भजनाला गेलेल्या, ताई परतायच्या तेव्हा ते घोरत असायचे. मग दोघं माझ्यातून बोलू लागले. ताईंनी वांगी पेरली की शेषराव राजहऱ्यात त्यांना पाणी घालायचे. ताई रागावल्या असल्या तर वाडीत शेषरावांच्या वाट्याचं शेत तेवढं कोरडं राहायचं. एकदा ते दिवाळीच्या पाडव्याला घरी पोहोचू शकले नाहीत. पुढच्या फेरीला ताईंनी मला उघडलं, तर घराच्या दारापासून विहिरीपर्यंत दोन्ही बाजूंनी फुलंच फुलं लावलेली. त्यांनी पदरानं माझा पडदा पुसला.

असं अठरा वर्षं चाललं. शेषराव निवृत्त झाले, दोघं वैशाली नगरच्या घरात राहायला आले. आता वेळच वेळ होता. पण ताईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. आधी त्या मला खिडकीपाशी धरायच्या, मग ओट्यावर भर उन्हात. शेवटी एके दिवशी म्हणाल्या, “मले नुसतं धुकं दिसून राहिलं. ठेवा त्याले कपाटात.”

शेषरावांनी मला ठेवलं. पोटातले सेल काढायचे मात्र राहून गेले. सेल फुटले, त्यांचा खार माझ्या आत पसरला, तारा हिरव्या पडल्या आणि मी बंद झालो. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. विसरण्यानंही वस्तू मरतात.

यंदा ताईंच्या ऑपरेशनची तारीख ठरली. त्या रात्री जेवण वाढता वाढता ताई म्हणाल्या, “पट्टी सुटली का पयले आपली वाडी दाखवजा. गौरी कशी आहे ते पाहीन.”

“दाखवतो,” शेषराव म्हणाले. “वचन.”

वचन देऊन ते कपाटाकडे आले तेव्हा मी असा बंद पडलेला. नेहरू नगरच्या एका दुकानात नेलं तर तिथला माणूस मोबाईलवरून नजर न काढता म्हणाला, “अंकल, ये तो मोबाईल में फ्री मिलता है. फेंक दो इसको.” वाडी मोबाईलवर मिळेल, पण गौरी? शकू-कुसुम? ती दुतर्फा फुलं? शेषरावांनी मला रुमालात गुंडाळलं. विचारत विचारत ते मरोद्याला अंजनाबाईंकडे आले.

अंजनाबाईंचे यजमान हरिभाऊ टीव्ही दुरुस्त करायचे. ते गेल्यावर टेबल बाईंनी सांभाळलं. आता त्यांच्याकडे गेम जास्त येतात. कुणाच्या रिमोटवरची जॉयस्टिकची दांडी हात न लावता डावीकडे पळते, कुणाचं बटण खोल गेलेलं. एका मुलीचा उजवा हात जन्मापासून आखूड आहे. तिच्यासाठी बाईंनी रिमोटची सगळी बटणं डाव्या बाजूला आणून बसवली होती. ती मुलगी आता भावाला रोज हरवते, असं ऐकलं.

बाईंचा एक नेम आहे. रोज एक बंद पडलेली वस्तू चालू करायची, मगच जेवायला बसायचं. मोठंच काम पाहिजे असं नाही, दारावरची घंटा वाजली तरी पुरे. पण वस्तू खरोखर बंद पडलेली हवी.

त्या पहिल्या दिवशी त्यांनी कॅसेट शेषरावांच्या हातून घेतली आणि तिचे सोनेरी दात उन्हात धरले. दात काळे पडले होते.

“हे तुमच्या फुंकरीनं झालं. तोंडाच्या वाफेनं गंज चढते.”

“मले तं वाटे, फुंकलं म्हणून चालू होते.”

“काढून पुन्हा घातली म्हणून चालू होते, भाऊ. श्रेय फुंकरीले भेटे.”

माझे स्क्रू निराळ्या तोंडाचे. साध्या पेचकसाला दाद देत नाहीत. बाईंनी एका रिकाम्या प्लास्टिक पेनाचं टोक तापवून स्क्रूवर दाबलं, थंड होऊ दिलं आणि त्याच पेनानं स्क्रू फिरवला. आतला खार व्हिनेगरच्या बोळ्यानं पुसला. तुटलेल्या तारेच्या जागी नवी तार टाकली. कॅसेटचे दात शाळेतल्या खोडरबरानं घासले. मग शेषरावांना विचारलं, “ताईले मंद दिसते ना? मंग पडदाही उजेडाचा बसवू. यायले बारा-पंधरा दिवस लागतीन.”

पडदा आला तो ऐन नवरात्रात. ताईंचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं, आणि पट्टी पडदा आला त्या दिवशीच संध्याकाळी पाचला निघायची होती. शेषराव अकरा वाजताच मरोद्याला येऊन बसले. बाईंचा उपवास होता. एकवेळची भगर, तीही नेम झाल्यावर.

पडदा बसवताना माझं आवरण आतून थोडं कापावं लागलं. एक वाजला. तेवढ्यात शेजारची रीना टॉर्च घेऊन आली.

“काकी, टॉर्च नहीं जल रहा. देख लो ना.”

बाईंनी टॉर्च उघडला आणि हसल्या. “सेल उलटे हैं, रीना.”

“गलती से हो गया, काकी.”

“हर नवरात्र में गलती?” बाईंनी सेल सुलटे करून टॉर्च तिच्या हातात दिला, मग शेषरावांना म्हणाल्या, “हा बिघडला नाही, मी जेवावं म्हणून बिघडवला आहे. देव भोळा असंल, पण बुद्दू नाही.”

शेषराव कानकोंडे झाले. “बाई, माह्यापायी उपाशी राहून राहिल्या तुमी.”

“तुमच्यापायी नाही. माह्या नेमापायी.”

अडीच वाजता पडदा लागला. खरी अडचण तिथून पुढे होती. कॅसेटच्या आत एक बटणसेल असतो. वाडी त्याच्याच बळावर लक्षात राहते. सेल संपला किंवा निघाला की गाय, कोंबड्या, फुलं, सगळं पुसलं जातं आणि पुन्हा रिकामं शेत उरतं. बाईंनी मीटर लावला. तीन व्होल्ट दिसायला हवे होते. दोनाच्या वर जेमतेम काटा चढला. शिवाय सेलचा पत्रा जोडापासून अर्धा उखडलेला होता.

“हा बदलाच लागते. आजच.”

शेषरावांचा चेहरा उतरला. “आज राहू द्या न. आज तिले दाखवतो, मंग करू.”

“भाऊ, तुमच्या स्कूटरच्या एका गचक्यात हा जोड जाईन. मंग काय दाखवसान?”

“अन् तुमी काढतानाच गेलं तं? अठरा वर्षांची वाडी आहे, बाई. मी तिले वचन देलं.”

देवघरात अखंड दिवा तेवत होता, त्याची वात सरत आली होती. अंजनाबाई उठल्या, हात धुतले. नवी वात तेलात भिजवून जुन्या ज्योतीला लावली. ती पेटली, स्थिर झाली, तेव्हा कुठे त्यांनी जुनी वात चिमट्यानं बाजूला केली. दिवा क्षणभरही विझला नाही.

त्या टेबलाशी परत आल्या. आता त्यांच्या हातांना घाई नव्हती आणि भीतीही नव्हती.

“पाह्यलं ना? आधी दुसरी वात, मंग पयली काढायची. इथंही तसंच करू.”

त्यांनी दुसरा बटणसेल घेतला आणि दोन बारीक तारांनी तो जुन्या सेलच्या बाजूनं कॅसेटला जोडला. आता कॅसेटमध्ये दोन दिवे होते. मग जोड वितळवणारा सोल्डरचा कैया तापवला, विजेचा धक्का वाडीला बसू नये म्हणून त्याचा प्लग काढला आणि जुना सेल अलगद उचलला. त्याच्या जागी नवा बसवला, दोन्ही टोकं पक्की केली. तारांवरचा सेल सर्वांत शेवटी सोडवला. मी टेबलावर पडून पाहत होतो. माझ्या पाठीतली जागा रिकामी होती. आता मी काय आहे, नुसता डबा की कुणाची वाडी, हे त्या बोटांवर अवलंबून होतं.

बाईंनी कॅसेट मिटवून शेषरावांना दिली. “बसवा तुमीच.”

शेषरावांचा हात ओठांशी गेला. थांबला. मग त्यांनी कॅसेट कपाळाला लावली आणि माझ्या पाठीत बसवली. पण चालू करायची वेळ आली तेव्हा मला बाईंच्या हाती देऊन ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

“तुमी पाहा. तिच्या आधी मी नाही पाहत.”

बटण सरकलं. जन्मात पहिल्यांदा माझ्या पडद्यावर माझा स्वतःचा उजेड पडला. बाईंनी मला डोळ्यांजवळ धरलं आणि एकेक बटण दाबत राहिल्या. भिंतीकडे तोंड केलेल्या शेषरावांनी मान खाली घातली.

“भाऊ,” बाई म्हणाल्या, “ह्या शकू अन् कुसुम कोण हो?”

शेषरावांचे खांदे हलले. हसून राहिले होते का रडून, ते मला दिसलं नाही. “माह्या बहिणी.”

“मंग त्यांचे अंडे उचलायचे राहिले आहेत. ताईले सांगा.”

गौरी गोठ्यात उभी होती. विहिरीपर्यंतची फुलंही तशीच होती. मी सांगतो ना, मी होतो तिथे.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे फार मोठं मागणं नाही. खेळून झालं की आमच्या पोटातले सेल काढून ठेवा. कॅसेटला फुंकू नका. बंद पडलेली वस्तू लगेच टाकून देऊ नका. एकदा तरी अशा माणसाकडे न्या जो तिला उघडून पाहील. आणि जुनं बदलायचंच असेल तर खुशाल बदला, माझाही पडदा आता नवाच आहे. फक्त जुनी वात काढण्याआधी नवी पेटली आहे ना, तेवढं पाहा.

साडेतीन वाजले होते. अंजनाबाईंनी देवाला हात जोडले आणि भगरीचं पातेलं उघडलं. त्यांच्या जेवणात बोलण्यानं खंड पडू नये म्हणून शेषराव पाय न वाजवता उंबरठा उतरले. मला त्यांनी रुमालात गुंडाळून कापडी पिशवीत ठेवलं आणि पिशवी छातीशी बांधली. स्कूटर चालू करण्याआधी, गार्डाच्या जुन्या सवयीनं, त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. सगळं ठीक होतं.

हायवेवर देवीच्या दर्शनाला डोंगरगडला पायी जाणाऱ्यांची रांग लागली होती, कुणाच्या हातात झेंडा, कुणाच्या डोक्यावर गाठोडं. पाचला अजून वेळ होता, शेषरावांनी हॉर्न वाजवला नाही. त्या रांगेच्या कडेकडेनं, पायी चालणाऱ्यांच्याच वेगानं, ते दवाखान्याकडे निघाले.