सुटी वायर

नमुन्याचं खोकं टेबलावर आलं तेव्हा ताईने आधी हात स्वच्छ पुसले. का नाही पुसणार! दीड वर्ष जीव ओतला होता बाईने. जुन्या व्हिडिओ गेमचं यंत्र, त्याला दोन पाय, गोबरे गाल, हातात कंट्रोलर, अशी ती वीतभर बाहुली मातीत पहिल्यांदा तिनेच घडवली होती. खेळायची नव्हेच ती. पस्तिशी-चाळिशीतली माणसं हौसेने विकत घेतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात.

कंपनी धाकट्या भावाची. घरी बंड्या, इथे सर. "ताई, तुझ्या सहीशिवाय एक नग बाहेर पडणार नाही," असं म्हणून त्याने तिला शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडायला लावली. आणि ताईने काय सह्या ठोकल्या म्हणता! करडा रंग जरा पिवळट हवा, जुनं प्लास्टिक तसंच दिसतं. बटण लालभडक नको, विटकरी करा. प्रत्येक कागदावर शेरा, खाली झोकदार सही. शेजारणींना सांगताना मान कशी ताठ व्हायची तिची.

खोकं उघडलं. बाहुली पांढरीफटक. बटण लालभडक. आणि कंट्रोलरची वायर, जी तिने नीट यंत्राच्या पोटात खोचली होती, ती सुटीच लोंबत होती.

ताई तणतणत रंगखात्यात गेली. "कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

रंगारी गडबडला. "ताई, आमच्याकडे पहिल्यापासून हाच नमुना आहे."

"आणि माझे कागद?"

"कुठले कागद?" त्या बिचाऱ्याने खरंच विचारलं.

कागद बंड्याच्या खणात निघाले. सगळेच्या सगळे, तारीखवार लावलेले.

"बंड्या, अरे काय हे? वायर का सुटी?"

त्याने बाहुली हातात घेतली. "आपण घरी हा गेम खेळायचो तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, ताई. पहिला कंट्रोलर तुझा, दुसरा तू मला द्यायचीस. मी बटणं दाबून दाबून अंगठे सोलून घ्यायचो. 'वा बंड्या, काय उडी मारलीस!' म्हणायचीस. दोन वर्षं! मग मामेभावाने वायर उचलून दाखवली. ती कशालाच लावलेली नव्हती. सगळे पोट धरून हसले. तूसुद्धा."

"अरे, पोरं होतो आपण! तू रडू नयेस म्हणून दिला होता."

"मग मीही त्याचसाठी दिले कागद. तुझा रंग बाजारात चालणार नाही, हे तोंडावर सांगितलं असतं तर रडत बसली असतीस. दीड वर्ष मजेत होतीस की नाही?"

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगलं खडसावावं म्हणून ती आली होती, आणि आता डोळ्यांसमोर ते दोन सोललेले अंगठे. तडक निघून जावं, तर जायचं कुठे? शाळेतल्या तिच्या जागी केव्हाच दुसरी बाई आली होती.

बंड्याने खणातून नवा कागद काढून तिच्यापुढे सरकवला. "पुढची बाहुली. बघून दे."

ताईने कागद उचलला. मग खुर्ची ओढून बसली, चष्मा लावला आणि लिहिलं: निळा जरा मळका हवा. खाली सही केली.

"वा ताई," बंड्या म्हणाला, "काय नजर आहे तुझी!"