काउन्सेलिंगची पाटी

दीपश्रीने सुभाष रोडवर एका कापडदुकानाच्या माडीवर समुपदेशनाची खोली थाटली, तेव्हा तिचा हिशेब सोपा होता. धारवाडात दुःखाला काय तोटा? तो खरंच नव्हता. तोटा होता जिना चढणाऱ्यांचा. तीन महिने खोलीत खुर्च्या दोन आणि बसणारी एकटी तीच.

तिचे वडील प्रभंजन वकील. जन्मभर कोर्टात तारखा घेतल्या, आता लेकीलाच तारीख दिली. "जूनअखेर एक तरी माणूस दुसऱ्यांदा आला पाहिजे. नाहीतर एक जुलैला कलघटगीच्या शाळेत रुजू व्हायचं. हेडमास्तरांना मी शब्द दिलाय." वकिलाशी वाद घालून आजवर घरात कोणी जिंकलेलं नव्हतं, म्हणून दीपश्रीने मान हलवली. पण तिला शाळा नको होती, ही खोली हवी होती.

आई अनसूयाबाईंच्या मते सगळा दोष पाटीचा. पहिली पाटी होती 'आप्त समालोचन केंद्र'. कन्नडात आप्त समालोचने म्हणजे समुपदेशन. तोच शब्द दीपश्रीने मराठी वळणाने लिहून टाकला. आता मराठीत समालोचन म्हणजे पुस्तकावरची टीका. पहिल्याच आठवड्यात एक निवृत्त प्राध्यापक एकशे बारा कवितांची वही घेऊन आले आणि "सविस्तर करा, घाई नाही" म्हणून ठेवून गेले. दीपश्रीने सगळ्या वाचल्या. त्यांना समुपदेशनाची गरज होती, पण ते त्यासाठी आले नव्हते.

"सरळ काउन्सेलिंग लिही की," आई म्हणाली. "कुणालाबी कळतंय."

कळलं, पण भलतंच. जून महिन्यात आपल्याकडे काउन्सेलिंग म्हणजे एकच, सीईटीनंतर इंजिनिअरिंगची सीट मिळवायचं. नवी पाटी लागली आणि जिना धडधडू लागला. हातात फाईल, मागे पोरगं, आणि दारातूनच प्रश्न, "अक्का, बेचाळीस हजार रँक हाय, हुबळीत कम्प्युटर मिळंल काय ओ?" हे मनाचं काउन्सेलिंग आहे असं दीपश्रीने सांगितलं, की माणसं भलत्याच लग्नात जेवायला बसल्यासारखी ओशाळून उठायची.

कलघटगीचे दत्तात्रेय मास्तर त्यातलेच. लेक शुभांगीची फाईल उघडणार, तोच दीपश्रीने नेहमीचा खुलासा केला. मास्तर उठले, पण शुभांगी बसूनच राहिली.

"माझं सगळं ठरलंय, अक्का. आमचे अप्पाच आई गेल्यापासून धड जेवत नाहीत."

"चल, बस चुकंल," मास्तर म्हणाले.

"पुन्हा कधीही या," दीपश्री म्हणाली. ते जिना उतरले. तिला चुटपुट लागून राहिली, आणि फायलींवरच्या रागात तिने पाटीखाली कागद चिकटवला: 'येथे सीईटीचे काउन्सेलिंग होत नाही. फक्त मनाचे.'

त्या दिवसापासून जिना मुका झाला.

जूनचा शेवटचा शनिवार उजाडला. खोली रिकामी करायची म्हणून दीपश्री पडदे काढायला खिडकीशी गेली, तर खाली दुकानाच्या दारात दत्तात्रेय मास्तर. काखेत तीच फाईल, बोटांत शर्टाचं कापड. अर्ध्या तासाने पाहिलं, तरी तेच कापड चाचपत होते. ती खाली गेली.

"मास्तर, वर या की."

मास्तरांनी दुकानाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कसा येऊ? आधी तो कागद काढा, बाई."

"कुठला?"

"सीईटी नाही म्हणून लिहिलंय तो. हा शेट आमच्या पाव्हण्यातला. कुठं निघालासा म्हणून विचारला, तर मी फाईल दाखवणार होतो. फाईल चालत नाही म्हणून तुम्हीच लिहून ठेवलंय. मग मी जिना चढू कसा?"

दीपश्रीला आधी हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली. ज्यांना तिने परत पाठवलं, त्यांतले किती जण नुसतं निमित्त म्हणून फाईल घेऊन आले असतील? तिने कागद टरकन फाडला.

"रँक जरा मागं हाय हो पोरीची," मास्तर शेटला ऐकू जाईल असं म्हणाले आणि जिना चढले.

वर त्यांनी फाईल टेबलावर ठेवली. ती रिकामी होती. मग ते तासभर गेलेल्या बायकोबद्दल, वनिताबाईंबद्दल बोलले, त्यांच्या हातच्या भाकरीबद्दल, त्यांच्या भांडणांबद्दल. शेवटी रुमालाने चष्मा पुसून त्यांनी विचारलं, "पुढं कधी येऊ?"

दीपश्रीने डायरी उघडली. सोमवार, एक जुलै.

संध्याकाळी तिने वडिलांना सांगितलं, "माणूस दुसऱ्यांदा आला. एक जुलैला शाळेत जमणार नाही. त्या दिवशी माझी तारीख लागलीय."

वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं. "कसली केस?"

"सीटची," दीपश्री म्हणाली.