दोन रांगांच्या मधला ढकलगाडा

मी ढकलगाडा बोलतोय. ऐकायचं असेल तर आधी खिशातले हात बाहेर काढा, पाय जरा फाकवा आणि गुडघे वाकवा. ताठ उभ्या माणसाशी मी बोलत नाही. ताठ माणूस एका धक्क्यात उताणा पडतो आणि मग माझ्याकडंच रागानं बघतो.

हार्कर रन गावातली कोळशाची खाण बंद पडली तेव्हा तिचे रूळ उकरून काढले. ऑगी मटुस्का नावाच्या वेल्डरनं ते कापून दोन घसरपट्ट्या केल्या, त्यावर पाच लोखंडी माना उभ्या केल्या आणि एकेका मानेवर एकेक जाड गादी चढवली. बारसं नाही, काही नाही. ऑगीनं मला एक लाथ घातली, "टिकेल" म्हणाला, आणि शाळेच्या मैदानावर आणून टाकलं. चाकं दिली नाहीत. चाकं असती तर पोरांना सोपं गेलं असतं, आणि मला बनवलंय ते सोपं जाऊ नये म्हणून.

माझं काम एकच. फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन धडका देत खेळायच्या अमेरिकी फुटबॉलच्या, रांगेतल्या धिप्पाड पोरांनी धावत यायचं, गाद्यांना खांदे भिडवायचे आणि मला मागं रेटायचं. मागच्या फळीवर कोच चढून उभा राहतो. वजनही वाढतं आणि शिव्या द्यायला उंचीही मिळते.

प्रत्येक पोरगा माझ्या गादीत कुणाचं तरी तोंड बघतो, हे मी फार वर्षं पाहतोय. बीजगणिताच्या बाईंनी माझ्या अंगावर जेवढा मार खाल्लाय तेवढा गावात दुसऱ्या कुणी खाल्ला नसेल. त्या बिचाऱ्या मैदानाकडं कधी फिरकल्यासुद्धा नाहीत.

आता रांगा दोन. चेंडू आपल्याकडं असला की चढाईची रांग उभी राहते, समोरच्यांकडं असला की बचावाची. ही नावं कुणी ठेवली देव जाणे, पण उलटी ठेवलीत. चढाईवाले सगळा वेळ आपल्या चेंडू फेकणाऱ्या पोराला वाचवण्यात घालवतात. आणि बचाववाले? ते समोरच्या फेकणाऱ्याला जमिनीत गाडायला धावतात. हा कसला बचाव? पण मला कोण विचारतं.

दोन्ही रांगा मलाच येऊन धडकतात. चढाईची पाच पोरं एकदम येतात, एका श्वासात. एकाचा पाय मागं राहिला की मी तिरका फिरतो आणि पाचही जण शिव्या खातात. बचाववाला येतो तो एकटा, घुश्शात. माझी गादी धरून पिरगाळतो आणि बाजूला फेकून पुढं निघून जातो. एकाचा मार हाडात मुरतो, दुसऱ्याचा कातड्यावर वळ उठवतो.

या दोन रांगांचे कोच दोन. चढाईचा स्टॉश कुबात्स्की, रिटायर झालेला पोस्टमन. बचावाचा रूडी पेट्रिलो, खाटीक. रूडीनं स्टॉशच्या बहिणीशी, बर्नडीनशी, लग्न केलं आणि त्याच मांडवात दोघांचं पहिलं भांडण झालं. विषय हाच. कुणाच्या रांगेचं काम अवघड?

"तुझ्या पोरांना सगळं आधीच ठाऊक असतं," रूडी म्हणायचा. "चेंडू कितव्या आरोळीला हलणार, कुठं जाणार. आयत्या ताटावर बसायचं! माझी पोरं आंधळी कोशिंबीर खेळतात. वर दोघं-दोघं अंगावर येतात ते वेगळंच."

"तुझी पोरं सरळ पळतात, दाजी. सरळ तर बैलही पळतो," स्टॉश म्हणायचा. "माझ्या पोरांना मागं चालायचंय, ढुंगण खाली ठेवून, समोरून बैल येत असताना. हात जरा बाहेर गेला की पंच दंडाचा पिवळा रुमाल टाकतो. दहा वेळा नीट केलं तर कुत्रं विचारत नाही. एकदा चुकलं की गावभर नाव."

"तेच तर! लपून राहायला बरी जागा."

"आणि तुझं पोरगं एकदा कुणाला पाडतं, की कोंबड्यासारखं नाचतं!"

हे वर्षानुवर्षं चाललं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग चिमण्या आला.

लेनर्ड सॅबॉल त्याचं नाव, पण माणूस आडवा वाढला की त्याला चिमण्या म्हणायचं अशी इकडची रीत आहे. तो पहिल्यांदा माझ्यावर आदळला तेव्हा ऑगीचे दोन जोड उसवले. पोरगा लोण्यासारखा मऊ स्वभावाचा, धडक दिल्यावर मला थोपटायचा. फक्त दम नव्हता. दोन्हीकडं खेळला की तोंडाचा आ करून बसायचा. म्हणून एकच रांग द्यायची ठरलं, आणि अवघड काम ज्याचं त्यालाच मोठा माणूस मिळायला हवा, असं दोघंही मेव्हणे छाती बडवून सांगायला लागले.

केसलर व्हॅलीविरुद्धचा सामना शुक्रवारी होता. चिमण्याचा शाळेतला शेवटचा. मुख्य कोच बॉब होलिक, ज्याला या दोघांच्या आवाजानंच पित्त होतं, तो म्हणाला, "तुमचं तुम्ही ठरवा. ठरलं नाही तर पोरगा बाहेर बसेल. मला तमाशा नको."

चिमण्याचा चेहरा उतरला. "कोच, असं नका करू. आजीनं सगळ्या गल्लीला तिकिटं घ्यायला लावलीत. मी बाहेर बसलो तर ती मैदानात उतरेल."

मग या दोन शहाण्यांनी तोड काढली. दोघांनी एकमेकांचं काम करून दाखवायचं. ज्याला जमेल त्याच्या रांगेला चिमण्या. परीक्षा माझ्यावर. वजन म्हणून फळीवर चिमण्याच उभा, हातात सँडविच. कुंपणाला टेकून बर्नडीन.

आधी रूडी. त्यानं चढाईवाला व्हायचं. पाठीमागं एक रिकामं पिंप ठेवलं, त्यावर चेंडू. पिंप म्हणजे आपला फेकणारा, त्याला राखायचं. आरोळी 'हट्'ची, दुसऱ्या 'हट्'ला निघायचं.

चिमण्या म्हणाला, "हट्..." रूडी सुटला.

"दुसऱ्याला, दाजी, दुसऱ्याला!" स्टॉश ओरडला.

परत उभा केला. चिमण्या खोकला. रूडी सुटला. परत. एक कावळा उडाला, रूडी सुटला. जन्मभर जे हललं त्याच्या मागं धावलेला माणूस, त्याला थांबणं माहीतच नव्हतं. अखेर कसाबसा दुसऱ्या आरोळीला निघाला, माझी मधली गादी धरून पिरगाळली, गर्रकन वळला, आणि त्याला समोर पिंपावर चेंडू दिसला.

झालं. डोळे लाल, मान खाली, आणि पिंपावर अशी झेप घेतली की पिंप दहा हात लांब जाऊन आपटलं.

"अरे, तो आपलाच होता!" बर्नडीन ओरडली.

रूडी चिखलात बसून म्हणाला, "चेंडू होता की त्याच्याकडं."

स्टॉश हसून हसून वाकला. मग त्याची पाळी आली. त्यानं बचाववाला व्हायचं. आता पिंप माझ्या मागं. चिमण्यानं हातातला चेंडू हलवला की निघायचं, मला चुकवायचं आणि पिंप पाडायचं.

चिमण्यानं चेंडू हलवला. स्टॉश ढिम्म. चिमण्यानं चेंडू डोक्यावरून फिरवला. स्टॉश ढिम्म.

"आरोळी दे की रे!"

"आरोळी नसते ना, कोच. बघूनच निघायचं."

"बघून? म्हणजे कधी?"

शेवटी रूडीनं मागून ढुंगणावर चापट मारली तेव्हा निघाला. आणि धडक काय सुरेख! हात आत, पाठ सपाट, पावलं बारीक. चिमण्यासकट मला हातभर मागं नेलं. मग वळसा घालून पिंपाजवळ गेला, त्याच्याकडं पाठ केली, हात पसरले आणि राखणीला उभा राहिला.

"कोच, त्याला पाडायचंय," चिमण्या हळूच म्हणाला.

"मी असताना कोण पाडतो बघू!"

आता रूडी हसला. ते हसणं स्टॉशला झोंबलं. "हस, खाटका! तुला साधं थांबता येत नाही!"

"आणि तुला निघता येत नाही, मेव्हण्या!"

बोलता बोलता एकानं मला पुढून खांदा लावला, दुसऱ्यानं मागून. एक इकडं रेटतोय, एक तिकडं. वर चिमण्या सँडविच खातोय. मी तसूभर हललो नाही. खरं सांगतो, इतकं बरं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. तेवढ्यात स्टॉशच्या कमरेत कट्ट झालं आणि रूडीचा गुडघा सटकला. दोघं एकदम आडवे झाले, एक माझ्या पुढं, एक मागं.

बर्नडीननं दोघांकडं बघितलं आणि चिमण्याला म्हणाली, "तुझं खाऊन झालं की उचल यांना."

शुक्रवारी दोघांनाही उभं राहता येईना. होलिकनं त्यांना आपल्या आसपास येऊ दिलं नाही. बर्नडीननं मैदानाच्या टोकाला माझ्याच फळीवर दोघांना शेजारी-शेजारी बसवलं, एकाच घोंगडीत गुंडाळलं. भांडायला मैदानात कुणी उरलं नाही, तेव्हा होलिक चिमण्याला म्हणाला, "खेळ दोन्हीकडं. मेलास तर आजीला तूच सांग."

चिमण्या खेळला. चढाईत मागं सरकत राखलं, तेव्हा स्टॉशनं रूडीला कोपर मारलं. बचावात दोघांना अंगावर घेऊन उभा राहिला, तेव्हा रूडीनं स्टॉशच्या मांडीवर थाप मारली. दर वेळी दोघं उसळून परत माझ्यावर आदळायचे, म्हणजे मार मलाच बसत होता. अर्धा सामना गेला आणि चिमण्याचा आ झाला. सामन्याच्या तिसऱ्या पाव भागात तो पळायचं सोडून चालायलाच लागला. शेवटी आम्ही थोडक्यात पुढं होतो, केसलरवाले आमच्या शेवटच्या रेघेपासून अर्ध्या हातावर, चेंडू रेघेपार नेला की ते जिंकणार, आणि एकच डाव उरला होता.

चेंडू हलला. केसलरचा पोरगा चेंडू पोटाशी धरून आमच्या रांगेतल्या भगदाडात घुसला. तिथं चिमण्या होता. त्यानं धडक दिली नाही, पिरगाळलं नाही, राखलं नाही. तो नुसता खाली गेला, पाण्याची टाकी कलंडावी तसा. भगदाड बुजलं. पोरगा त्याला अडखळला आणि रेघेच्या अलीकडंच तोंडावर पडला.

सगळं गाव उठलं. माझ्यावरचे दोघंही उठले, कंबर नाही न् गुडघा नाही.

"बघितलंस? बूड खाली! माझी शिकवण!" स्टॉश ओरडला.

"बूड? भगदाड बुजवलं त्यानं! माझी शिकवण!"

पोरांनी चिमण्याला ओढत आणून माझ्यावर टेकवलं. दोघांनी त्याची एकेक बाही धरली. "सांग, कुणाचं शिकवलेलं होतं ते?"

चिमण्यानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. श्वास जमला तेव्हा म्हणाला, "कोच, मी बसायला गेलो होतो."

दोघांनी त्याच्या बाह्या सोडल्या. मग बर्नडीन हसायला लागली. ती अजून थांबली नसेल.

चिमण्या आता मोठ्या शहरात ट्रक चालवतो. मेव्हणे मात्र दर शुक्रवारी येतात. घोंगडी आणतात, सॉसेज आणतात, माझ्या फळीवर बसतात आणि तेच भांडण पहिल्यापासून सुरू करतात. त्यांच्या वजनानं माझी डावी पट्टी जमिनीत रुतलीय. पोरांना शाळेनं दुसरा गाडा आणलाय, हलका, लाल. तो वाऱ्यानंसुद्धा सरकतो.

तुम्ही इथवर ऐकलंत, तर एक काम करा. गुडघे वाकलेलेच आहेत. चढाईवाल्यासारखे या, बचाववाल्यासारखे या, मला फरक पडत नाही. या दोन म्हाताऱ्यांना उठवा आणि एकदा मला जोरात ढकला. ढकलत नाहीत तो कसला ढकलगाडा? नुसता बाक.